दोन थेंब तेल

बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिणं झालं नाही. कारण फार मोठं नाही. एक जुनी लेन्स घरात आली आणि मी महिनाभर तिच्यात अडकून पडले. चौऱ्याहत्तराव्या वर्षी लेन्स घेऊन काय करणार, असं आमच्या सोसायटीतल्या एक-दोघींनी विचारलंसुद्धा. मी म्हटलं, रोज संध्याकाळी बाकड्यावर बसून गुडघ्यांवर बोलण्यापेक्षा बरं.

झालं असं की आमच्या शाळेत चित्रकलेचे एक सर होते. दोन वर्षांपूर्वी ते गेले. त्यांची मुलगी दहिसरला असते. त्यांची जुनी इमारत पुनर्विकासाला जाणार म्हणून तिनं घर आवरायला काढलं. एका रविवारी ती माझ्याकडे आली, हातात कापडी पिशवी. म्हणाली, "मावशी, आमच्याकडे आता याची कुणाला आवड नाही. भंगारात टाकवत नाही. बाबांनी तुम्हाला शिकवलं होतं ना यावर?"

पिशवीत तपकिरी चामड्याची केस होती आणि केसमध्ये सरांचा झेनिट कॅमेरा.

मी बोरीवलीत चौतीस वर्षं मराठी आणि इतिहास शिकवला. कॅमेऱ्याशी माझा संबंध आला तो फक्त सरांमुळे. स्नेहसंमेलन, क्रीडादिन, दहावीचा निरोप समारंभ, सगळे फोटो सरच काढायचे. शाळा रोलचे आणि धुलाईचे पैसे द्यायची, बाकी सगळी हौस त्यांची. मधल्या सुट्टीत मी शेजारी उभी राहून बघायची, म्हणून एक दिवस त्यांनी कॅमेरा माझ्या हातात दिला. "बघता काय नुसत्या, बाई? धरा." त्या दिवसापासून मी शिकायला लागले.

झेनिट-ई हा रशियन कॅमेरा. मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यात १९६५ पासून तो बनायला लागला आणि असे तीस लाखांहून अधिक कॅमेरे तयार झाले. हातात घेतला की वरवंटा उचलल्यासारखं वाटतं. त्याच्या प्रकाशमापकाला सेल लागत नाही. पुढे जी लेन्स असते तिचं नाव हेलिओस-४४-२. अठ्ठावन्न मिलिमीटर, एफ दोन. तिची रचना मूळची जर्मनीतल्या येना शहरातल्या झाइस कंपनीच्या बायोटार लेन्सची, महायुद्धानंतर रशियनांनी ती आपलीशी केली. हल्लीची तरुण मुलं ही लेन्स शोधून शोधून घेतात आणि अडॅप्टर लावून डिजिटल कॅमेऱ्यावर बसवतात, कारण हिच्यातून मागची झाडं-पानं भोवऱ्यासारखी गरगरलेली दिसतात. हे मला नातीनं सांगितलं. आमच्या वेळी ते गरगरणं आम्हाला दोष वाटायचं!

तर मी कॅमेरा बाहेर काढला. चामड्याच्या केसला बुरशी आली होती. आपल्या मुंबईच्या हवेत चामडं ओल धरून ठेवतं, म्हणून कॅमेरा कधीही केसमध्ये ठेवू नये, सिलिका जेलच्या पुड्या घालून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा. पण हे माहीत असणारा माणूस घरात उरला नव्हता. काचा मात्र बऱ्यापैकी स्वच्छ होत्या. मी सवयीनं डोळ्याला लावला आणि फोकसची रिंग फिरवली.

करकर.

भात खाताना दाताखाली खडा यावा तसं झालं. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच. वर जडही होती, जाड पाकात चमचा फिरवावा तशी. आणि तीन मीटरच्या आकड्याजवळ आली की कशाला तरी अडून, जरा थांबून पुढे सरकायची.

ज्यांनी फक्त मोबाइलवर फोटो काढले त्यांच्यासाठी थोडं सांगते. जुन्या लेन्समध्ये आपोआप काही होत नाही. समोरचा माणूस जवळ असेल तर काचांचा गट फिल्मपासून थोडा लांब न्यावा लागतो, माणूस लांब असेल तर आत घ्यावा लागतो. हे काम रिंग करते. रिंगच्या आत एकात एक बसलेली नळकांडी असतात आणि त्यांवर आटे पाडलेले असतात. बाटलीच्या झाकणाला असतात तसेच, पण फार बारीक आणि नेमके. रिंग फिरते, आटे सरकतात आणि काचा मिलिमीटर-मिलिमीटरनं पुढे-मागे होतात. त्या आट्यांत घट्टसर ग्रीस भरलेलं असतं. रिंग फिरवताना जो मऊ, लोण्यासारखा विरोध हाताला लागतो, तो त्या ग्रीसचा.

चाळीस-पन्नास वर्षांत ते ग्रीस वाळतं, त्यातलं तेल निघून जातं आणि मागे डिंक राहतो. म्हणून जुनी लेन्स जड फिरते. पण जड फिरणं वेगळं आणि करकरणं वेगळं, हे सरांनी मला शिकवलं होतं. सगळीकडे सारखीच जड असेल तर ग्रीस वाळलंय. एकाच जागी अडत असेल तर कुठेतरी पोचा पडलाय, किंवा तिथला आटाच दुखावलाय. हलवल्यावर खुळखुळत असेल तर आतला एखादा स्क्रू सैल झालाय. आणि करकर वाजत असेल तर आत वाळू किंवा धूळ गेलीय. डॉक्टर छातीला नळी लावतात तशी लेन्स कानाशी धरून रिंग हळूहळू फिरवायची आणि ऐकायचं. मी तसं केलं. या लेन्सला दोन आजार होते. म्हातारपण, आणि वाळू.

वाळू म्हटल्यावर माझ्या मनात काहीतरी हललं. पण मी तिकडे लक्ष दिलं नाही. चाळीस वर्षं दिलं नव्हतं, आणखी एक दिवस काय.

बोरीवली स्टेशनपासून थोड्या अंतरावर माझा एक जुना विद्यार्थी घड्याळं दुरुस्त करतो. त्याच्या वडिलांचं छोटंसं दुकान, आता हा बसतो. शाळेत असताना निबंधात सहा ओळींच्या पुढे कधी गेला नाही, पण हात असा की तासभर एका स्क्रूवर नजर लावून बसेल. हल्ली मनगटी घड्याळं दुरुस्तीला येतात कुठे? सेल बदलणं आणि पट्टे बसवणं हाच धंदा, असं तो म्हणतो. मी लेन्स पुढे ठेवली तेव्हा त्याचा चेहरा खुलला.

"बाई, लेन्स मी उघडलेली नाही कधी. पण आटे ते आटे. घाई नाही ना?"

"मला आता कसली घाई?"

दुपारी चारला गिऱ्हाईक कमी असतं, तेव्हा मी त्याच्यासमोर स्टुलावर बसले. त्यानं डोळ्याला भिंग लावलं, खाली पांढरा कागद अंथरला. कुठला स्क्रू कुठून निघाला हे कळावं म्हणून तो ज्या क्रमानं भाग काढत होता त्याच क्रमानं कागदावर मांडत होता आणि प्रत्येकाभोवती पेन्सिलीनं गोल करत होता. रिंगचे तीन बारीक स्क्रू निघाले. काचांचा गट आख्खाच बाहेर आला. त्यानं तो उजेडाकडे धरला आणि थांबला.

"बाई, हे बघा."

काचांच्या मध्ये अ‍ॅपर्चरची आठ पाती असतात, प्रकाश कमी-जास्त करणारी. ती कोरडी, मंद काळी असायला हवीत. या पात्यांवर पावसाळ्यात रस्त्यावर सांडलेल्या पेट्रोलसारखा रंगीत तवंग दिसत होता.

"यात कधीतरी कुणीतरी तेल घातलंय. पातळ तेल. शिलाई मशीनचं असणार. ते रिंगमधून झिरपत इथपर्यंत आलं आणि वाळलं." तो हसला. "आमच्याकडेही येतात अशी घड्याळं. बंद पडलं की लोक घरीच तेल सोडतात. असं कुणी केलं असेल हो?"

"कोण जाणे," मी म्हटलं.

इतकं सहज म्हटलं मी ते. एका क्षणाचाही वेळ लागला नाही.

तो पुढच्या कामाला लागला होता. आता आट्यांची नळकांडी एकमेकांतून सोडवायची होती आणि इथे खरी मेख असते. लेन्सचे आटे बाटलीच्या झाकणासारखे एकाच ठिकाणाहून सुरू होत नाहीत, अनेक आटे शेजारी शेजारी सुरू होतात. परत बसवताना एक आटा जरी चुकला तरी रिंग फिरते छान, पण फोकस कधीच जुळत नाही. दूरचा डोंगर कायम धूसर. म्हणून नळकांडी ज्या जागी सुटतात त्या जागी दोन्हींवर सुईनं खूण करायची, हा नियम. त्यानं सुई उचलली आणि भिंगातून बघता बघता पुन्हा खाली ठेवली.

"खूण आहे, बाई. आधीच कुणीतरी केलेली आहे." मग जरा वेळानं, "आणि तारीख. आम्ही घड्याळाच्या झाकणाच्या आत कोरतो ना, दुरुस्ती कधी केली ते, तशी."

त्यानं भिंग माझ्या हातात दिलं. पितळेवर एक सरळ बारीक रेघ होती आणि तिच्या शेजारी, तांदळाच्या दाण्याहूनही लहान अक्षरांत, २/८४.

त्या आकड्यांतला चार मी ओळखला. फळ्यावर सुविचार लिहिताना, प्रमाणपत्रांवर नावं घालताना सर असाच चार काढायचे, वरची टोकं किंचित बाहेर वळवलेला. चौतीस वर्षांच्या नोकरीत हजार वेळा पाहिलेला चार.

"उद्या येते," मी म्हटलं आणि उठले.

आता खरं काय झालं होतं ते सांगते.

जानेवारी १९८४. सातवीची सहल गोराईला. सरांना स्नेहसंमेलनाचे पडदे रंगवायचे होते म्हणून ते येणार नव्हते. त्यांनी कॅमेरा मला दिला. मी एकटीनं कॅमेरा वापरण्याची ती पहिलीच वेळ. ऑर्वोचा कृष्णधवल रोल, छत्तीस फोटो. आदल्या रात्री मला झोप आली नव्हती.

बोरीवलीच्या धक्क्यावरून होडीनं खाडी ओलांडली. दोन्हीकडे तिवरं, मुलांचा आरडाओरडा. तेव्हा पलीकडे ना एस्सेलवर्ल्ड होतं, ना पॅगोडा. किनाऱ्यावर सुरूची झाडं आणि पुढे नुसती वाळू. मी पोरांचे फोटो काढत सुटले. एका मुलीनं तळहातावर इवलासा खेकडा धरला होता, त्याच्यासाठी रिंग पूर्ण फिरवली, अर्ध्या मीटरपर्यंत. एवढ्या जवळचं बघायचं झालं की लेन्सचं नळकांडं पार पुढे येतं आणि मागे फट उघडी पडते. मी ते तसंच ठेवून कॅमेरा शबनममध्ये टाकला. केस घरीच विसरले होते. मुलं एकामागून एक येत होती, "बाई, हे ठेवा, बाई, हे पण ठेवा." शिंपले, शंख, कवड्या, सगळं मी त्याच शबनममध्ये घेत होते. ओल्या वाळूसकट.

रात्री घरी आल्यावर रिंग फिरवली तर करकर.

माझ्या पोटात गोळा आला. सरांनी पगारातून पैसे साठवून हा कॅमेरा फोर्टातून घेतला होता, हे साऱ्या शाळेला माहीत होतं. मी पुसलं, फुंकलं, उलटा धरून झटकला. काही वाळू पडली, काही राहिली. मग कपाटाजवळ शिलाई मशीन होतं, त्याची लांब चोचीची तेलाची कुपी होती. दोन थेंब घातले. रिंग फिरवली. मग आणखी दोन.

आणि रिंग सुरेख फिरायला लागली! करकर एकदम थांबली. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. देवापुढे साखर ठेवली मी त्या रात्री.

आज मला त्यातलं कळतं. पातळ तेलानं घट्ट ग्रीस सैल झालं, म्हणून रिंग हलकी झाली. पण वाळू कुठे गेली नव्हती. आधी ती एका जागी चिकटून तरी होती, तेलानं ती सुटी होऊन सगळ्या आट्यांत पसरली. तेल आणि वाळू एकत्र म्हणजे भांडी घासायची पूडच. जितकं फिरवाल तितकं पितळ घासलं जाणार. आवाज मात्र बंद.

सोमवारी मी कॅमेरा परत दिला. सरांनी एकदा रिंग फिरवली. माझ्याकडे पाहिलं. "फोटो चांगले आले असतील," म्हणाले आणि केसमध्ये ठेवून दिला. मी काही बोलले नाही. उद्या सांगू म्हटलं, मग परवा सांगू, मग आता इतक्या दिवसांनी काय सांगायचं. असं होतं ना आपलं?

त्या रात्री, म्हणजे घड्याळजीकडून आले त्या रात्री, मी जुने अल्बम काढले. १९८४ च्या फेब्रुवारीतला दहावीच्या निरोप समारंभाचा फोटो सापडला. उलटा करून पाहिला. मागे बाजारातल्या एका स्टुडिओचा शिक्का. त्या एका वर्षीचा फोटो सरांनी काढलेला नाही. मला अंधुक आठवलं, कुणीतरी विचारलं होतं, "यंदा कॅमेरा नाही आणला सर?" आणि ते म्हणाले होते, "जरा उघडून ठेवलाय." मी तिथेच उभी होते. चहाचा कप घेऊन.

म्हणजे महिन्याभरात त्यांनी लेन्स उघडली होती. आट्यांत तेल आणि गोराईची वाळू पाहिली होती. जमलं तितकं धुऊन, पुसून, खूण करून, तारीख घालून परत बसवलं होतं. काचांचा गट मात्र त्यांनी उघडला नसावा, म्हणून पात्यांवरचं तेल तसंच राहिलं. आणि त्यानंतर ते निवृत्त होईपर्यंत अकरा वर्षं आम्ही एकाच स्टाफरूममध्ये, एकाच टेबलावर डबा खाल्ला. एक शब्द बोलले नाहीत.

हे एवढंच असतं तर मी कदाचित इथे लिहिलंही नसतं. पण त्याच वर्षीची दुसरी एक गोष्ट आहे.

मार्चमध्ये आमच्या वर्गातला पृथ्वीचा गोल मोडला. कुणाच्या तरी हातून पडला, दांडा तुटला. ज्या मुलाच्या हातून पडला त्यानं तो गोंदानं चिकटवला आणि तुटलेली बाजू भिंतीकडे करून ठेवला. मी शिकवताना हात लावला आणि अख्खी पृथ्वी माझ्या हातात आली. तीन दिवस कुणी कबूल होईना. चौथ्या दिवशी तो मुलगा उभा राहिला. मी त्याला वर्गापुढे उभा केला आणि अर्धा तास बोलले. चूक कुणाच्याही हातून होते, पण लपवणं हा गुन्हा आहे. मोडलं तर मोडलं म्हणावं. चिकटवून भिंतीकडे तोंड करून ठेवायचं, ही फसवणूक. माझा आवाज व्हरांड्यात ऐकू जात होता. मुलाची मान खाली, कान लाल झालेले.

सर रंगपेट्या घेऊन बाहेरून चालले होते. नंतर स्टाफरूममध्ये माझ्या शेजारी बसून म्हणाले, "असू द्या हो बाई. घाबरला असेल."

मला त्यांचा रागच आला होता. अशा बोलण्यानं मुलं बिघडतात, असं मी म्हणालेही. त्यांनी डब्याचं झाकण लावलं आणि हात धुवायला गेले.

आज मी हिशोब मांडते. २/८४ नंतरचा मार्च. त्यांना सगळं माहीत होतं तेव्हा. त्या टेबलावर ते मला एका वाक्यात गप्प करू शकले असते, आणि मी गप्प बसण्याच्याच लायकीची होते. ते जे बोलले ते त्या मुलाबद्दल बोलले, असं मी चाळीस वर्षं समजत होते.

दुसऱ्या दिवशी चारला मी दुकानात गेले. त्यानं सगळे भाग लायटरच्या पेट्रोलनं धुऊन, टूथब्रशनं घासून, दातकोरण्यानं आटा न् आटा साफ करून ठेवले होते. कागदावर चिमूटभर काळा गाळ, त्यात चमकणारे चार-पाच कण. सरांच्या धुण्यातूनही उरलेली गोराई.

मी स्टुलावर बसले आणि म्हटलं, "काल तू विचारलंस ना, तेल कुणी घातलं? मी घातलं."

त्यानं भिंग डोळ्यावर तसंच ठेवून मान वर केली. "मला वाटलंच होतं, बाई."

"कशावरून?"

"तुम्ही विषय बदलला नाहीत, एकदम गप्पच झालात. शाळेत आम्ही असे गप्प झालो की तुम्हाला कळायचं." आणि तो पुन्हा कामाला लागला. पुढे त्यावर काही बोलला नाही. मलाही बरं वाटलं.

नवं ग्रीस नातीनं मागवून दिलं होतं. गाडीचं ग्रीस चालत नाही, लेन्ससाठीचं मुद्दाम घट्ट ग्रीस मिळतं. तेही थापायचं नाही, आट्यांवर पातळसा हात फिरावा इतकंच. जास्त झालं तर तेच पुढे काचांवर जातं. त्यानं सरांच्या रेघेला रेघ जुळवली आणि पहिल्याच फेरीत आटा बरोबर बसला. पात्यांवरचं तेल त्यानं वरवर टिपलं, पण पाती सुटी करायचं धाडस केलं नाही आणि मीही आग्रह धरला नाही. या लेन्समध्ये पाती हातानंच उघडझाप करायची असल्यामुळे तेवढ्या तेलानं काम अडत नाही. आपोआप मिटणाऱ्या पात्यांच्या लेन्स मात्र तेलानं पार अडून बसतात.

रिंग फिरवून दाखवली त्यानं. मऊ. करकर गेली होती. फक्त तीन मीटरजवळ एक बारीकशी अडखळ राहिली होती.

"ती जाणार नाही, बाई. तिथे पितळेवर ओरखडा आहे. दुसऱ्या लेन्सचं नळकांडं बसवलं तरच जाईल. बघू का कुठे मिळतं?"

"नको," मी म्हटलं. "राहू दे ती."

शेवटचं काम आमच्या गच्चीवर झालं. रिंग अनंताच्या खुणेवर असताना खरोखर दूरचं स्पष्ट दिसतं की नाही, हे पाहावं लागतं. नाही दिसलं तर स्क्रू सैल करून रिंगची जागा थोडी सरकवायची. पूर्वी आमच्या गच्चीवरून नॅशनल पार्कचे डोंगर सरळ दिसायचे. आता मध्ये टॉवर आले आहेत, पण दोन टॉवरच्या फटीतून एक हिरवा तुकडा दिसतो. माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदूनंतर बसवलेली भिंगं आहेत, त्यांच्यावर विसंबून राहण्यात अर्थ नव्हता. नातीनं कॅमेरा डोळ्याला लावला. "थोडं डावीकडे... आजी, झाडं दिसतायत. वेगवेगळी." तिथे स्क्रू आवळले.

त्या डोंगराकडे बघताना मला पुढच्या वर्षीची, १९८५ ची सहल आठवली. ती कान्हेरीला होती, त्याच डोंगरात. त्याही वेळी सरांनी कॅमेरा मला दिला होता. मागितला नव्हता मी, मागायचा धीरच नव्हता. ते आपणहून माझ्या टेबलाशी आले, कॅमेरा केसमध्ये होता आणि केस एका धुतलेल्या पंचात गुंडाळलेली होती. म्हणाले, "घ्या बाई. डोंगरच बरा. तिथे वाळू नसते."

मी हसले होते तेव्हा. सरांची काहीतरी गंमत, असं वाटलं होतं.

परवा दहिसरला जाऊन आले. सरांच्या मुलीला सगळं सांगितलं, गोराईपासून घड्याळजीपर्यंत. तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, "बाबा घरी कधी बोलले नाहीत हो यातलं काही." मग चहा ठेवायला उठली. कॅमेरा परत घे म्हटलं तर नाही म्हणाली.

तो गोल मोडणारा मुलगा आज पन्नाशी ओलांडलेला असेल. तो कुठे आहे मला माहीत नाही. जुन्या विद्यार्थ्यांपैकी कुणी भेटलं की मी त्याची चौकशी करते. भेटला तर काय बोलायचं ते ठरलेलं आहे.

लेन्स आता स्टीलच्या डब्यात असते, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. अधूनमधून बाहेर काढून रिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवावी लागते, नाहीतर ग्रीस एका जागी बसतं. तीन मीटरशी ती अडखळते. वर्गात फळ्यापाशी उभं राहिलं की मधल्या बाकांवरची मुलं साधारण तितक्याच अंतरावर असायची.